आईच्या नावाचे जव

पोर खाली ठेवली की रडायची आणि खांद्यावर घेतली की लुगड्याला गाल घासायची. घासून घासून गाल लाल व्हायचा, लालीवर पाणी सुटायचं, ते वाळून खपली धरायची, आणि खपली धरली की पोर पुन्हा घासायला लागायची. म्हणून वच्छला चालत होती. पोरीचा एक हात तिनं आपल्या मुठीत धरलेला असे आणि दुसरा पदरात गुंडाळलेला. सोप्यातून अंगणात, अंगणातून गोठ्याच्या दारापर्यंत, तिथून माघारी. दिंद्रुडच्या त्या घरातून भिवराबाईला नेऊन आठवडाही झाला नव्हता, आणि तिची थोरली लेक अजून रडायला बसली नव्हती, कारण तिला बसायलाच मिळालं नव्हतं.

छबी हे भिवराबाईचं शेवटचं लेकरू. थोरली वच्छला, तिच्या पाठचा रामकिसन, मग दोन गेलेली, आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना ही. वच्छलाचा स्वतःचा मुलगा शिरूरला, तिच्या सासरी, आजीजवळ राहण्याइतका मोठा झाला होता. तिच्या अंगचं दूध आटून वर्षं लोटली होती. आईला ताप आहे, निघून ये, असा सांगावा आला तशी ती गाडीत बसली. पोचली तेव्हा आईची वाचा गेली होती. आईनं तिच्याकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत गेली.

तेव्हा पोरीच्या कोपराच्या घडीत नुसती लाली होती. पौषाची थंडी कोरडी पडली होती, मोठ्या माणसांच्याही टाचा उलत होत्या. पण आई गेली, अंगावरचं दूध तुटलं, आणि चार दिवसांत ती लाली मानेवर, गुडघ्यामागं, गालांवर चढली. धनगराची साखराबाई सकाळ-संध्याकाळ शेळीचं दूध आणून देई. ते बोंडल्यानं पाजायला घेतलं की पोर दोन घोट घेई आणि खाजेनं तोंड फिरवी. पुन्हा बोंडलं ओठाला लावावं, पुन्हा तोंड फिरवावं. दूध हनुवटीवरून मानेत उतरे आणि मानेची आग अधिक होई.

घरात कर्तं बाईमाणूस म्हणजे सारजाबाई. सुंदररावांची थोरली बहीण. तरुणपणी कपाळ पांढरं झालं आणि माहेरी आली ती इथलीच झाली. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली होती. त्यातली काही आता नांगर धरत होती, एक तर तालुक्याच्या कचेरीत चपराशी लागला होता, आणि या सगळ्यांच्या धडधाकट हाडांचं श्रेय सारजाबाई करडईच्या तेलाला आणि डाळीच्या पिठाला देई. सुतकात तेल वर्ज्य, पण तान्ह्याला कसलं सुतक, असं म्हणून ती छबीला रोज पायांवर घेई, तेल चोळी, वर पीठ रगडी, कढत पाण्यानं घाली आणि ओव्याची धुरी देई. पोर काळीनिळी होईस्तोवर रडे. अंगातली उष्णता बाहेर पडतीय, असं सारजाबाई म्हणे.

वच्छलाला ते बघवत नव्हतं आणि बोलवतही नव्हतं. ज्या हातांनी आपल्यालाही न्हाऊ घातलं त्या हातांना काय सांगायचं? माजलगावच्या हकिमाकडं माणूस पाठवला होता, तर हकीमसाहेब लेकीच्या लग्नाला औरंगाबादेस गेलेले. बीडचा दवाखाना तिथून किती लांब, आणि या थंडीत तान्हं लेकरू गाडीत घालून कोण नेणार? सुंदरराव गावचे माली पाटील. सरकारी साऱ्याच्या वेळी ज्यांच्या शब्दासरशी गाव चावडीत गोळा होई ते सुंदरराव या दिवसांत ओट्यावर नुसते बसून असत आणि पोर रडायला लागली की उठून रानात निघून जात.

चालता चालता वच्छलाला एकच गोष्ट सारखी आठवे. रामकिसन तान्हा असताना त्यालाही असंच झालं होतं. ती स्वतः तेव्हा परकराचा ओचा खोचून आईच्या मागं मागं फिरणारी पोर. परसात, उन्हात, रुंद तोंडाचं घंगाळ. त्यात पातळ ताकासारखं पांढुरकं पाणी. आई त्यात फडक्याची एक पुरचुंडी पिळे, पिळली की पाण्यात धुकं पसरल्यासारखं होई, आणि त्या पाण्यात बसवलं की रामकिसन हात मारायचा थांबे. त्या पुरचुंडीत जव होते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, कारण खाली सांडलेले दाणे कोंबड्यांना टाकायचं काम तिचं होतं. पण ते दळलेले होते की भरडलेले, पाणी किती ऊन होतं, आई किती वेळ ठेवी, रोज की दिवसाआड, हे काही केल्या आठवत नव्हतं. सासू-नणंदेला आवडत नसे म्हणून आई हे सगळं परसात एकटीच करी. विचारायचं तर कुणाला?

तिनं रामकिसनलाच विचारून पाहिलं. क्रियाकर्माला बसायचं म्हणून तो त्या दिवसांत घोंगडीवर निजत होता, एकवेळ जेवत होता, आणि एकाएकी दहा वर्षांनी थोराड दिसत होता.

"मला काय इचारतीस, अक्का," तो म्हणाला. "मी त्यात बसल्यालो होतो."

ती हसली. आई गेल्यावर पहिल्यांदाच हसली, आणि उठून पुन्हा चालायला लागली.

घरात जव नव्हते. म्हणजे तिला वाटलं नव्हते. पौषात कुणाच्याच घरी नसतात. नवे शिमग्याला यायचे, ते अजून रानात हिरवे होते, आणि आदल्या साली पाऊस हुकल्यानं जुनं धान्य तळाला गेलेलं. पण शेजारच्या भामाबाईकडं सातूचं पीठ असे. तिचा नवरा बंकट गाडीवान, जालन्यापर्यंत माल नेई, आणि वाटेत चूल पेटवायची दगदग नको म्हणून ती त्याला सातूचं पीठ बांधून देई; पाण्यात कालवलं, गूळ घातला की जेवण झालं. सातू म्हणजे जवच की. वच्छला कुंपणाशी उभी राहिली. सुतकातल्या बाईनं दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नसतं, म्हणून भामाबाईनं वाटीभर पीठ वरूनच तिच्या पदरात ओतलं आणि पोरीकडं बघून च्‌ च्‌ केलं.

तिनं घाई केली. नंतर तिला स्वतःच्या त्या घाईचंच नवल वाटत राहिलं. सारजाबाई दुपारची पडली होती तेवढ्यात उरकायचं, म्हणून तिनं पीठ फडक्यात बांधलं, ऊन पाण्यात पिळलं, पाणी पांढरं झालेलं पाहिलं, आणि आठवणीतलं घंगाळ समोर आल्यासारखं होऊन तिनं पोरीला अलगद पाण्यात उतरवलं.

पोर आधी गप्प झाली. मग असं किंचाळली की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली.

वच्छलानं तिला उचललं, घागरीतलं साधं पाणी दोन्ही हातांनी अंगावर ओतत राहिली, आणि मग कसल्याशा संशयानं घंगाळात बुडवलेलं बोट जिभेला लावलं. जीभ चुरचुरली. सुंठ. सातू दळताना बाया त्यात जिरं घालतात, सुंठ घालतात, घरोघरी घालतात. भिवराबाई तेवढी घालत नसे, तिला सुंठ सोसत नव्हती. आणि लेकीला वाटलं होतं की सातू सगळीकडं आईच्या हातचाच असतो.

सारजाबाई ओरडा ऐकून परसात आली. तिनं घंगाळ पाहिलं, पिठाचं फडकं पाहिलं, पोरीची लालभडक पाठ पाहिली, आणि पोर आपल्याकडं घेतली. बोलली ती मागाहून, ओट्यावर बसल्यावर, सावकाश.

"लेकरू हाय ते, वच्छे. थालीपीठ न्हाई."

वच्छलानं हातातलं ओलं फडकं पुन्हा एकदा पिळलं.

"माय गेली. आता हिलाबी तिच्यामागं धाडायची घाई झाली का तुला?"

वच्छला चुकली होती हे खरं होतं, आणि चूक पोरीच्या पाठीवर सगळ्यांना दिसत होती. संध्याकाळी छबीनं दोन घोट घेतले. सकाळी तेही घेतले नाहीत. दूध घेऊन आलेल्या साखराबाईनं बोंडलं भरलेलंच परत गेलेलं पाहिलं, पोरीच्या टाळूवर बोट ठेवलं, टाळू आत गेली होती. तिनं वच्छलाकडं पाहिलं. कोकरू दूध टाकतं तेव्हा धनगर काय समजून घेतो ते दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघीही ते बोलल्या नाहीत.

जव घरात होते हे वच्छलाला त्याच सकाळी दिसलं. दिसलं म्हणजे, रोज दिसतच होतं, फक्त ते जव आहेत असं तिनं मनाशी म्हटलं नव्हतं. माजघराच्या खुंटीला, सहज हात पोचणार नाही इतक्या उंच, पांढऱ्या धडप्यात बांधलेलं एक गाठोडं आणि शेजारी काळ्या तिळांची पुडी. दहाव्याच्या पिंडांसाठी. त्या घरात पिंड जवाच्या पिठाचेच करायची रीत होती. सुंदररावांनी मुद्दाम माजलगावला माणूस धाडला होता, आणि आडत्यानं पोत्याचा तळ झाडून होते नव्हते तेवढे दिले होते. आता शिमग्यापर्यंत दाणा मिळायचा नाही, असं वर सांगूनही पाठवलं होतं. मेलेल्याच्या नावानं बाजूला काढलेल्या धान्याला जित्या माणसानं शिवायचं नाही. उंदरानं तोंड लावू नये म्हणून सारजाबाई त्या गाठोड्याखालीच अंथरूण टाकी.

वच्छला पोरीला घेऊन चालत होती तशीच चालत राहिली, पण आता तिची फेरी माजघरातून जायला लागली. गाठोड्याखालून जाताना पाय अडखळे. ती मनाशी हिशेब मांडे आणि मोडे. समजा काढले, आणि काल झालं तसंच झालं तर? आठवण खोटी निघाली तर? कालही आपल्याला पक्कंच वाटत होतं की. मग पोर ती पोर जाईल, आईचा घासही जाईल, आणि दोन्ही आपल्या हातून. नाही काढले तर? तर आपण रीत पाळली असं लोक म्हणतील. आई असती तर. पण आई असती तर हे गाठोडंच नसतं. तिथं येऊन तिचा विचार दरवेळी भिंतीला धडकल्यासारखा थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

दुपारी छबीनं पदरातून सुटलेला हात गालावर ओढला. नखाखाली रक्त आलं. रडली मात्र नाही. नुसती तोंड उघडून राहिली. रडायचीही ताकद संपत आली होती. वच्छलानं तिला पाळण्यात ठेवलं, माजघरात गेली, पाटावर पाट रचला आणि गाठोडं काढलं.

सारजाबाई तिथंच जपमाळ घेऊन बसली होती. वच्छलानं तिच्यादेखत काढलं. चोरून काढलं असतं तर आपलं आपल्यालाच ते पाप वाटलं असतं, असं तिला नंतर उमगलं. त्या घडीला मात्र लपवायचं सुचलंच नव्हतं.

"ते ठिव," सारजाबाई म्हणाली.

"मूठभर घेते, आत्या."

"मूठभर का चिमूटभर. ते तिचं हाय. मेलेल्याच्या तोंडातला घास काढतीस?"

"लेकरूबी तिचंच हाय," वच्छला म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आन्‌ ते जितं हाय. अजून."

सारजाबाईच्या हातातली माळ थांबली. मग तिनं दुसरीच अडचण काढली, आणि ती मात्र खरी होती. जव दळणार कशावर? सुतकाच्या घरात जातं फिरवत नाहीत; भावकीतून भाकरी येत होत्या, चूल सुद्धा नावापुरती पेटत होती. पाटलाच्या घरातून जात्याची घरघर ऐकू आली तर गल्लीनं काय समजायचं? बायकोचा दहावा झाला नाही तोवर यांची दळणं सुरू झाली?

वच्छलानं ते ऐकून घेतलं, मूठभर जव ओच्यात टाकले, गाठोडं पुन्हा खुंटीला अडकवलं, आईच्या जुन्या लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला एक तुकडा खांद्यावर घेतला, पोर उचलली आणि घराबाहेर पडली. साखराबाईचा मेंढवाडा गावाच्या कडेला होता. बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, आत शेळ्या, कडेला छप्पर. पाटलाची लेक सुतकात, तान्हं पोर घेऊन, भर दुपारी गावाबाहेर निघालेली ज्यांनी पाहिली त्यांनी ती तशी का निघाली हे एकमेकांना विचारलं. तिला कुणी विचारलं नाही.

ती वाड्याच्या तोंडाशीच थांबली आणि आपल्याला सुतक आहे, जात्याला हात लावणार नाही, तेवढं दळून दे, असं म्हणाली. साखराबाईचा नवरा बिभीषण काठीला घुंगरू बांधत होता. तो उठून शेळ्यांकडं गेला, म्हणजे बायकांना बोलता यावं.

"या वो आत," साखराबाई म्हणाली. "शेळ्याला न्हाई कळत सुतक. मला कळतंय, पर मी सांगणार न्हाई."

दळायचं कसं, हे साखराबाईनं विचारलं, आणि वच्छलाला सांगता आलं नाही. दोघींनी अंदाजानं ठरवलं. साखराबाईनं जात्याची एक पाळी हलक्या हातानं फिरवली. दाणा फुटला, कोंडा सुटला, पांढरा रवा दिसला. वच्छलानं बोटावर घेऊन वास घेतला, मग चाखलं. नुसतं कोरडं, किंचित गोडसर. ते तिनं लुगड्याच्या तुकड्यात बांधलं. पाणी तापवलं, निववलं, पुन्हा तापवलं, कारण निववताना फार गार झालं. आपलं कोपर बुडवून पाहिलं. पुरचुंडी भिजत घातली, पिळली, पाणी तसंच राहिलं. पुन्हा भिजवली, वाट पाहिली. आत शेळ्या एकमेकींना ढुशा देत होत्या. मग दुसऱ्यांदा पिळली तेव्हा बोटांना एकदम बुळबुळीत लागलं आणि फडक्यातून दाट पांढरं उतरलं. तिनं ते आधी स्वतःच्या मनगटाला लावलं, मग जिभेला, मग पापणीच्या कडेला सुद्धा. चुरचुरलं नाही.

पोरीचे नुसते पाय तिनं पाण्यात घातले. पोर ओरडली नाही. मग कमरेपर्यंत. मग पुरचुंडी मानेशी धरून हळूच दाबली, चोळली नाही. पाण्याचा ओघळ मानेच्या घडीत उतरला. छबीनं डोळे मोठे केले. तिचा उजवा हात सवयीनं गालाकडं निघाला, अर्ध्यात थांबला, पाण्यात पडला, आणि पडल्यावर तिथंच राहिला.

तेवढंच झालं. लाली गेली नाही, खपल्या होत्या तिथंच होत्या. पण हात पाण्यात राहिला. अंग टिपून, साखराबाईनं दिलेलं ताजं लोणी बोटभर लावून, वच्छलानं तिला पदराखाली घेतलं आणि बोंडलं ओठाशी नेलं. पोरीनं ते संपवलं. साखराबाईनं न विचारता दुसरं भरलं. तेही अर्धं गेलं, आणि मग पोर दुधाचा थेंब ओठावर तसाच ठेवून झोपली.

आता वच्छलाला बसता आलं असतं. बसली, आणि बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं की मूठभरानं भागायचं नाही. आज लागू पडलं म्हणजे उद्या लागणार, परवा लागणार. शिमग्यापर्यंत दुसरा दाणा नाही. मूठभर घेते असं ती आत्याला म्हणाली होती, आणि ते खोटं होतं. तिला सगळे जव हवे होते.

सुंदरराव रानातून आले तेव्हा सारजाबाई दारातच होती. तिनं झालं ते सांगितलं, वाढवून नाही, कमी करूनही नाही. सुंदररावांनी खुंटीकडं पाहिलं. गाठोड्याचं एक अंग ढिलं पडलं होतं. मग ते पाळण्याशी आले. पाळणा हलत नव्हता.

"दूध पेली का?" त्यांनी विचारलं.

"पेली, आबा."

"किती?"

"बोंडलं भरून. मग अजून अर्धं."

ते खाली बसले. वच्छला म्हणाली, की हे एका दिवसाचं काम नाही. रामकिसनला आई कितीतरी दिवस घालत होती. सगळे जव लागतील, आबा, आणि तेवढ्यानंही होईल का, मला ठाऊक नाही. काल मला ठाऊक होतं असं वाटत होतं तर सुंठ निघाली. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मग बापाच्या पायांकडं बघत राहिली.

सारजाबाई म्हणाली, पोरीनं दूध घेतलं ते बरंच झालं, त्याला आपली ना नाही. पण तिच्या आईचं काय? या घरातल्या साऱ्या गेल्या जिवांना जवाचे पिंड मिळाले, तिच्या सासूला मिळाले, सासऱ्याला मिळाले. हिनंच काय घोडं मारलं होतं? बोलता बोलता तिनं पदर तोंडाला लावला, आणि तेव्हा वच्छलाला कळलं की आत्या गाठोड्याखाली झोपत होती ती काही नुसती उंदरांसाठी नाही. दोघी नणंद-भावजया एका चुलीपुढं म्हाताऱ्या होत आल्या होत्या.

ओट्यावरून रामकिसन उठून आत आला होता आणि चौकटीला टेकून उभा होता. पिंड त्याच्या हातचे व्हायचे होते.

"बाई," सुंदरराव शेवटी बहिणीला म्हणाले, "तिनं जव कवा खाल्लं? जलमभर ज्वारीचीच भाकर खाल्ली. तीबी माझं झाल्यावर, पोरांचं झाल्यावर, उरली तर." त्यांनी खुंटीकडं पाहिलं. "ज्वारीच्या पिठाचे पिंड करू."

"आन्‌ कावळा न्हाई शिवला तर?"

"तर बसंन मी तिथं. मला कुठं जायचंय आता."

रामकिसननं पुढं होऊन गाठोडं खुंटीवरून काढलं आणि वच्छलाच्या पुढ्यात ठेवलं. तिळाची पुडी तेवढी जागेवर राहू दिली. सारजाबाईनं तोंड भिंतीकडं केलं.

त्यानंतरचे दिवस वच्छला रोज दुपारी साखराबाईकडं जव घेऊन जाई, भरडून आणी, आणि आपल्याच परसात उन्हाला पोरीला घाली. सारजाबाई तिच्याशी बोलत नव्हती. पण तिनं पोरीला पायांवर घेणंही सोडलं, तेलाची वाटी फळीवर गेली. गालावरच्या खपल्या कडेनं सुटायला लागल्या. एक दिवस कोपर पुन्हा चिघळलं, वच्छलानं ते उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग तिला वाटलं पाणी जास्त ऊन झालं असावं, की जास्त वेळ ठेवलं, की उन्हाचीच तिरीप लागली. दुसऱ्या दिवशी पाणी कोमट ठेवलं. ते बरोबर होतं की नुसता योग होता, हे सांगायला कुणी नव्हतं.

दहाव्याला पुरुष माणसं भल्या सकाळी ओढ्याकडं गेली. घरात बायका थांबल्या. उन्हं ओट्यावर आली, ओट्यावरून खाली उतरली, तरी कुणी आलं नाही. सारजाबाई दारात जाई, वाटेकडं बघे, आत येई, काहीतरी उचले, ठेवी, पुन्हा दारात जाई. वच्छला एका जागी होती, पण जीव तिचाही त्या वाटेवरच होता. पिंडांसाठी ज्वारीचं पीठ तिनंच सकाळी रामकिसनबरोबर बांधून दिलं होतं. ओढ्याकाठी बाप बसला असेल. कावळा शिवला नाही तर आत्या काही म्हणणार नाही, आबाही म्हणणार नाहीत. जन्मभर कुणी काही म्हणणार नाही, आणि तेच तिला सोसायचं नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तशी पोर चुळबुळ करायला लागली. वाट बघत बसायला तिला सवड नव्हती. वच्छला उठली, घंगाळ परसात घेतलं, पुरचुंडी भिजत घातली.

माणसं आली तेव्हा छबी पाण्यात होती. रामकिसन हातपाय धुऊन मागल्या दारी आला. डोकं भादरलेलं, चेहरा उतरलेला.

"शिवला का?" सारजाबाईनं विचारलं.

"शिवला. लई येळानं." तो पायरीवर टेकला. "दोन आलते. एकमेकांत भांडले, मंग एकानं नेला."

"आबा काय म्हनले का? तुझ्या मायला काई सांगितलं का?" सारजाबाईनं पुन्हा विचारलं.

"काय न्हाई म्हनले. बसल्याले होते नुसते." मग तो म्हणाला, "मीबी बसलो."

सारजाबाई आत गेली. वच्छलाला वाटलं, देवापाशी गेली असेल. पुरचुंडी पाठीशी दाबताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हात मोकळे नव्हते म्हणून ते तसंच वाहू दिलं. पोर पाण्यावर तळवे आपटत होती. कोपराच्या घडीत अजून लाल होतं, मानेशी एक नवी पुळी दिसत होती, आणि गाठोड्यात आता जेमतेम चार मुठी उरल्या होत्या.

बाजूला काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. सारजाबाई ऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती वाकली, घंगाळातल्या पाण्यात बोटं बुडवली, ती एकमेकांवर चोळून पाहिली.

"गार झालंय," ती म्हणाली. "घालू का अजून?"

उभ्या जन्मात आत्यानं तिला काही विचारलं नव्हतं. वच्छलानं पाण्याकडं पाहिलं. पांढरं पाणी, मध्ये पोरीचे हलते पाय. किती घालायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं कोपर बुडवलं, क्षणभर तसंच ठेवलं.

"घाला," ती म्हणाली. "कडंनं. हळू."